मूठ सोडा, मामा

घोडेगावच्या गुरांच्या बाजारात मी तीस वर्षं म्हशींची दलाली केली. आमचा भाव रुमालाखाली ठरतो. दोघांचे हात रुमालात, बोटं दाबून आकडा सांगायचा आणि तोंडानं मात्र उसाच्या, पाण्याच्या गप्पा मारायच्या. समोरच्याच्या हाताला घाम सुटला की त्याची नड मला कळायची. माझा हात कुणाला काही कळू देत नसे. त्याचा मला गर्व होता, अजूनही थोडा आहे.

मागच्या उन्हाळ्यात बीपी वाढलं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि वर सांगितलं, महिनाभर बाजार बंद, रोज शवासन करा, तरी आकडा उतरला नाही तर दलाली कायमची सोडा. मी भडकलो. बाजार सोडून मी घरात बसून करणार काय? खरं सांगतो, बीपीपेक्षा त्या रिकामपणाचीच मला जास्त भीती वाटली.

शवासन शिकवणार कोण, तर सूनबाई. ती गावात आशाताई म्हणून काम करते, योगासनं कुठल्याशा प्रशिक्षणात शिकून आलेली. लग्नाला सहा वर्षं झाली तरी माझ्यासमोर तिचा पदर ढळला नव्हता की आवाज चढला नव्हता. आता तिनं हुकूम सोडायचे आणि मी सतरंजीवर उताणा पडून ते पाळायचे. पहिल्या दिवशी ती जमिनीकडे बघतच सांगत होती. पाय सैल सोडा, पोट सैल सोडा, खांदे सोडा. मी सगळं जोर लावून सैल सोडलं. दात आवळून सैल पडणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला असावा. उजव्या हाताशी येऊन गाडं अडलं.

"मामा, मूठ सोडा," ती म्हणाली.

सोडलीच आहे, असं मी खेकसलो. मान उचलून पाहिलं तर बोटं खरंच घट्ट मिटलेली होती.

आठवडाभर ती मूठ काही ऐकेना. मग सूनबाई म्हणाली, हाताचा नाद सोडा, नुसतं कानावर येईल ते ऐका. एवढं सांगून ती स्वयंपाकघरात निघून जायची. म्हाताऱ्याला डोळा लागला, असं तिला आणि माझ्या बायकोला वाटायचं. थोड्या वेळानं आत सासूसुनांचं हसणं सुरू व्हायचं. माझी बायको पोट धरून हसते, हे मी विसरूनच गेलो होतो. मी उठून खाकरलो की हसणं बंद, नुसती भांडी वाजायची.

मला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. बाजारात गिळलेला राग मी वर्षानुवर्षं घरी आणून ओतत होतो. पुढं शवासन संपलं तरी मी दहा-पंधरा मिनिटं तसाच पडून राहू लागलो, त्यांचं हसून होईपर्यंत. मूठ कधी सुटली ते मला कळलंसुद्धा नाही.

महिन्यानं डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. आकडा उतरलेला होता. गोळी आणि शवासन दोन्ही चालू ठेवा आणि बाजाराला जा, असं ते म्हणाले. मी ऐटीत घरी आलो. दोघी चुलीपाशी होत्या. सूनबाईला बातमी दिली आणि गमतीनं विचारलं, घरातली पीडा टळली म्हणून खूश असशील ना?

भाकरी थापता थापता ती थांबली.

"आधी झाले असते खूश," ती म्हणाली. "बाजाराच्या दिवशी तुमी गेले की आमी दोघी मोकळ्या बोलायचो. आता तुमी घरात असले तरी बोलतो."

हे तिनं सरळ माझ्याकडे बघून सांगितलं. मी तिथंच पाट ओढून बसलो आणि एक भाकरी मागितली. तिनं ती ताटात वाढली, सासूकडे वळली आणि अर्धवट राहिलेली कुठलीशी गोष्ट पुढं सांगू लागली.