दोन भावांचं सांडलेलं तेल

"तेलालाच विचारा, कुठल्या भावाचं आहेस म्हणून," ताई एकदा म्हणाली होती. घरात कोणी हसलं नाही.

दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा वडिलांच्या दोन तेलवाहू जहाजांपैकी एकेक प्रत्येकाच्या वाट्याला गेलं, घरातून खडूची रेघ ओढली गेली आणि जेवणाचं टेबल करवतीने कापलं गेलं. अजून त्याची दोन्ही अर्धुकं भिंतीला टेकवल्याशिवाय उभी राहत नाहीत. उरली बिनलग्नाची ताई. तिची खाट रेघेवर आडवी पडली: डोकं थोरल्याकडे, पाय धाकट्याकडे. मागे ती तापाने फणफणली, तर धाकटा म्हणाला, "ताप डोक्यात आहे, दादाने बघावं." दादा म्हणाला, "थंडी पायांतून भरली." डॉक्टर आलाच नाही. शेवटी तापच कंटाळून गेला.

मग एक दिवस बंदराच्या तोंडाशी दोन्ही जहाजं समोरासमोर आली. वाट सोडायची नाही, असा दोन्ही कप्तानांना मालकांचा हुकूम होता. तो त्यांनी पाळला. टाक्या फुटल्या, किनारा काळा झाला, मच्छीमारांची जाळी चिकटून बसली.

वकील घरी आले. रेघेवर खुर्ची मांडून म्हणाले, "कुणाच्या तेलाने किती नुकसान झालं हे वेगळं काढता आलं, तर ज्याचं त्याने भरायचं. नाही आलं, तर सगळ्याच नुकसानीला दोघेही बांधील. मच्छीमार कोणाचीही मानगूट धरू शकतात."

"म्हणजे अर्धं अर्धं नाही?" ताईने खाटेवरून विचारलं.

"नाही. प्रत्येक जण पूर्ण."

"हे माणसाला लागू होतं का हो?"

"छे, फक्त जहाजांना."

आता तेल वेगळं आहे असं सांगणारा साक्षीदार हवा होता, आणि दोघांचा विश्वास बसेल असं ताईशिवाय कोणी नव्हतं. "ताई, एवढं सांग. तुला खिडकीची खोली देतो," थोरला म्हणाला.

"माझ्याकडे दोन खिडक्या आहेत!" रेघेपलीकडून धाकटा ओरडला.

डोक्यापासून पायांपर्यंत सबंध एका खोलीत झोपायचं! या कल्पनेने ताईला हसूच फुटलं.

कोर्टात तीन बरण्या मांडल्या होत्या. एकीत थोरल्याच्या टाकीतलं तेल, दुसरीत धाकट्याच्या, तिसरीत किनाऱ्यावरून खरवडलेलं. न्यायाधीशांनी विचारलं, "या तिसरीत कोणाचं किती, सांगता येईल?"

धाकट्याने मागून दोन बोटं दाखवली: दोन खिडक्या.

ताईने तिन्ही बरण्या हुंगल्या. पहिली तिसरीत ओतली, दुसरीही ओतली. न्यायाधीशांच्या चहाच्या बशीतला चमचा उचलून सगळं नीट ढवळलं आणि तो चमचा दोघा भावांच्या बरोबर मध्ये ठेवला.

"ताई!" दोघे एकदम ओरडले. वेगळे झाल्यापासून त्यांच्या तोंडून एकच शब्द एकाच वेळी कधी निघाला नव्हता.

ताईने रुमालाला हात पुसले आणि दोघांच्या मधून चालती झाली.