नव्याची काकडी

काकडी चिरल्याचा वास आला की अजूनही माझी पाठ आखडते. जव्हार संस्थान विलीन झालं त्या वर्षीची गोष्ट. नवं पीक देवाला दाखवल्याशिवाय आमच्या साखरशेत गावात कोणी तोंडात घालत नसे. मी मात्र नागलीच्या शेतात लपून एक कोवळी काकडी खाल्ली, आणि संध्याकाळी धाकटी बहीण तापाने फणफणली. "नवं कुनी खाल्लं का गं?" आईने विचारलं. मी नाही म्हणाले आणि तीन दिवस बहिणीचा श्वास ऐकत बसले. ताप उतरला. पूजेच्या दिवशी बापाने मुठीतला सुकलेला देठ मला दाखवला आणि काकडीची पहिली फोड माझ्याच हातात दिली. "देवाला तूच दाखव," एवढंच म्हणाला. फोड ठेवताना पाठीवर फटका कधी बसतो याची मी वाट बघत होते. तो अजून बसलेला नाही.