तळ्याच्या तळाचं माप

माझा मामा शिंपी आहे. त्याचं दुकान रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली, त्यामुळे खिडकीतून माणसं त्याला गुडघ्यापर्यंतच दिसतात आणि कोण येतंय हे तो पँटच्या शिलाईवरून ओळखतो. आत कापायचं लांब टेबल, दोन मशीन, गुंड्यांच्या बरण्या. इतर शिंपी जिथे सुटाबुटातल्या माणसाचं चित्र लावतात, तिथे आरशाशेजारी मामानं खाकी कागदाचे चार तुकडे एकमेकांना शिवून केलेला नकाशा लावला होता. गावाबाहेरच्या तळ्याचा. काठाचा नव्हे, तळाचा.

नऊ वर्षं दर रविवारी सकाळी तो भाड्याची कयाक घेऊन तळ्यात जात होता. बाकीचे हौशी लोक सरळ गळ टाकायचे. मामा आधी माप घ्यायचा. दोरीच्या टोकाला लोखंडी वजन, दोरीवर हातहात अंतरानं लाल दोऱ्याच्या गाठी. वजन सोडायचं, तळाला टेकलं की गाठी मोजायच्या, आकडा लिहायचा, वल्हं मारून थोडं पुढे सरकायचं. पाणी धक्क्याच्या खांबावरच्या पांढऱ्या रेघेला लागलेलं असेल, तरच ही मापं. कमीजास्त असलं की त्या दिवशी नुसता गळ. लहानपणी मी त्याला विचारलं होतं, की जे दिसत नाही ते मोजायचं कशाला. तो म्हणाला, दिसत असतं तर मोजलं कशाला असतं?

मासा मात्र त्याच्या गळाला लागत नसे. नऊ वर्षांत फक्त एक. त्या तळ्यात मासा धरायचा, डोळे भरून बघायचा आणि परत पाण्यात सोडायचा, अशीच रीत होती, तेव्हा पोटापाण्याचा प्रश्न नव्हता. पण चेष्टा व्हायची. धक्क्याचा मालक, ज्याला सगळे कप्तान म्हणत आणि ज्यानं समुद्र बहुधा कॅलेंडरवरच पाहिला असावा, तो दर रविवारी नव्या उत्साहानं विचारायचा, “काय मास्तर, माशांनाही ‘उद्या या’ सांगून आलात?” मामा हसायचा. गळाला लागलेला चिखल बोटांत चोळून बघत बसायचा. कुठे काळा, कुठे पिवळट, कुठे वाळू मिसळलेला. तेही नकाशावर लिहायचा.

गेल्या वर्षी कप्तानानं ठरवलं, की रविवारी बाहेरच्या गिऱ्हाइकांना घेऊन मासेमारीच्या सफरी काढायच्या. चार कयाका, एक छोटी होडी आणि वाट दाखवायला तळं जाणणारा एक माणूस. हे काम आपल्याला मिळावं, असं मामाला किती वाटत होतं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण त्या आठवड्यात त्यानं एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही डाव्याच बाह्या लावल्या, त्यावरून मामीला कळलं.

त्याच सुमारास कप्तानानं यंत्र आणलं. होडीच्या बुडाशी लावायचं, पडद्यावर तळ दिसतो, खोली दिसते, मासेही दिसतात. आता माणूस कशाला हवा, असं त्याला कुणीतरी पटवलं होतं. कप्तान तसा सरळ माणूस. त्यानं मामाला बोलावून सांगितलं, की तुमचा नकाशा घेऊन या, यंत्राशी ताडून बघू. जुळला तर सफर तुमची.

त्या सकाळी पाणी पांढऱ्या रेघेवर होतं. मामा नकाशावरचा आकडा वाचायचा, कप्तान यंत्राच्या फुटांचे हात करून सांगायचा. मामा म्हणाला सात, यंत्र म्हणालं सहा. मामाचे बारा, यंत्राचे अकरा. पंधरा ठिकाणी पाहिलं. चौदा ठिकाणी मामाचं तळं एका हातानं खोल निघालं. फक्त लव्हाळ्याच्या बेटापाशी दोघांचेही अकरा. दहाव्या जागेनंतर कप्तानानं चेष्टा थांबवली, आणि मामाला तेच जास्त लागलं. परतताना कप्तान हळू आवाजात म्हणाला, की मास्तर, मापात माणूस चुकतोच. शिंप्याला याहून वाईट काय ऐकवणार?

मामानं नकाशा भिंतीवर परत लावला नाही. टेबलावर पसरला आणि दुकानाचं दार ओढून घेतलं. संध्याकाळी मामी डबा घेऊन आली, तेव्हा तो अजून त्या कागदावर वाकलेला. मामी औषधांच्या दुकानात कामाला. तिला अर्धी गोळीही अर्धीच लिहायची सवय. मामानं सकाळची हकिकत सांगितली, तसं तिनं लव्हाळ्याच्या बेटावर बोट ठेवलं. म्हणाली, हा अकरा माझा आहे.

खरंच तिचा होता. सहा वर्षांपूर्वी ती एकदाच त्याच्याबरोबर पाण्यात गेली होती, दोघांच्या कयाकमध्ये. मामाचे हात ओले होते म्हणून आकडा तिनं लिहिला. मग तिला गरगरायला लागलं, आणि पुन्हा म्हणून ती गेली नाही. मामाचा एकुलता एक मासा त्याच दिवशी, त्याच जागी लागला होता. तो तिचा पायगुण, असं मामा आजवर सांगत आला होता.

मामीनं बाकीचे आकडे वाचून काढले, सगळे मामाच्या अक्षरातले. मग तिनं हात पुढे केला.

“अहो, माझ्या बाहीचं माप घ्या.”

“आत्ता?”

“घ्या म्हणते ना.”

मामानं टेप लावली, वहीत लिहिलं. मामीनं टेप त्याच्या हातून घेतली, स्वतः मोजलं आणि वहीत डोकावली.

“दीड इंच जास्त आहे.”

“माया धरली. शिवणीत कापड जातं, ते नको धरायला?”

“मग तळ्याला काय शिवून घालायचं होतं?”

मामाच्या गुरूनं त्याला चौदाव्या वर्षी शिकवलं होतं, की अंगाचं माप कधी लिहायचं नाही, माया मिळवूनच लिहायचं, म्हणजे कापताना डोकं चालवावं लागत नाही. कापड उरलं तर दुमडता येतं, कमी पडलं तर देवही जोडू शकत नाही. दोरीच्या सहा गाठी त्याला दिसत होत्या. हात सात लिहीत होता.

मामा ओशाळेल असं मामीला वाटलं. पण तो खुर्चीत बसला आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळला. त्या तळ्यातला मोठा मासा तळाच्या हातभर वर चरतो. म्हणून मामा नकाशातल्या आकड्याहून एक हात कमी दोरी सोडायचा. “म्हणजे नऊ वर्षं माझं आमिष चिखलात लोळत होतं,” तो म्हणाला, जणू ही दुसऱ्याच कुणाची मजेची गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता तो धक्क्यावर गेला. कप्तानाला सगळं सांगितलं, काही न लपवता. एक तास मागितला. मासा लागला नाही तर पुन्हा सफरीचं नाव काढणार नाही, असंही म्हणाला. कप्तान हसून हसून खोकला, पण होडीत बसला. मी वल्ह्यावर होते.

मामानं नकाशावर दहा लिहिलेली जागा निवडली, दोन उंचवट्यांमधली. आठ हात दोरी सोडून बूच बांधलं आणि मांडीवर हात ठेवून बसला. तासातली चाळीस मिनिटं गेली. कप्तानानं दोनदा घड्याळ पाहिलं आणि दोनदा ते लपवायचा प्रयत्न केला. मग बूच एकदा थरथरलं, आडवं झालं आणि दिसेनासं झालं.

मासा चांगला हातभर होता, पाठीवर हिरवट, पोटाकडे पिवळा. मामानं त्याला ओल्या तळव्यांवर धरून खूप वेळ पाहिलं. मग पाण्यात सोडलं. कप्तान म्हणाला, “रविवारी सहाला या. चार गिऱ्हाइकं आहेत. आणि तोवर ते आकडे नीट करा.”

आकडे नीट करायला मामा तयार नव्हता. सरसकट एक हात वजा करून चालणार नाही, कुठे कुठे माया धरायची राहूनही गेली असेल, असं त्याचं म्हणणं. सगळं तळं पुन्हा मोजावं लागणार होतं. हे सांगताना तो इतका खूश होता, की कप्तानानं पुढे काही विचारलं नाही.

रविवारी मीही धक्क्यावर गेले. चार कयाका पाण्याच्या मध्यावर मामाच्या होडीभोवती गोळा झाल्या होत्या. अर्धा तास उलटला तरी कुणीच गळ टाकेना. कप्तानानं दुर्बीण लावून पाहिलं आणि ती माझ्या हातात दिली. मामा दोरी हातात धरून थांबला होता, आधी खोलीचा अंदाज सांगा म्हणत असावा. चारही गिऱ्हाइकं आपापल्या कयाकच्या कडेवरून ओणवी होऊन पाण्यात बघत होती, जिथे आभाळाखेरीज काहीच दिसत नव्हतं.