बाबाच्या नावावरचं रक्त

"पोर आजारी, आई वाहक, बाप निरोगी." डॉक्टरांनी शाळेच्या ओट्यावर उभं राहून आमच्या घरचा कागद वाचला. "असं होत नाही. सिकलसेल आई आणि बाप, दोघांकडून आल्याशिवाय पोर आजारी होत नाही. मग बाप कोण, ते बाईलाच विचारा."

नोंदणीवाला हसला. "हाई पोर कोनी शे मंग?" ही पोर कुणाची, असं त्यानं अहिराणीत विचारलं.

पाड्यातली सगळी माणसं रांगेत होती. मराठी कळणारे हसले. बाकीच्यांना त्यांनी समजावून सांगितलं.

आईला मराठी येत नाही. आम्ही घरी पावरी बोलतो. तिनं मला विचारलं, "काय म्हणाला?"

मी आश्रमशाळेत नववीला होते. म्हणाले, "गोळ्या रोज घ्यायच्या."

संध्याकाळपर्यंत तिला कळलंच. झऱ्यावर बायकांनी तिला हंडा भरू दिला नाही. दोन दिवस ती जेवली नाही. माझे सांधे ठणकत होते, ती चोळत राहिली. आपण जन्मलोच नसतो तर बरं, असं मला वाटलं.

होळीला बाबा गुजरातेतून, ऊसतोडीवरून आला. घर गाठण्याआधीच त्याला वाटेत सांगितलं गेलं. त्यानं आईला विचारलं, "कोण?"

आई म्हणाली, "रक्त घेतलं तेव्हा तू होतास कुठं?"

मग काका बोलला. रक्त घ्यायला गाडी आली तेव्हा बाबा फडात होता. नोंदणीवाल्याला यादी पुरी करायची होती. बाबाचं नाव पुकारलं, काकानं बोट पुढं केलं. "एका आईची लेकरं आम्ही. रक्त एकच ना?" त्याला खरंच तसं वाटलं होतं. नंतर पोलीस नेतील म्हणून गप्प राहिला.

गोळ्या वाटायला गाडी परत आली. बाबानं सगळं सांगितलं.

"मग सोपं आहे," डॉक्टर म्हणाले. "आता द्या बोट. बाई खरी की खोटी, सगळ्यांसमोर कळेल."

माफी नाही. बाबानं बोट पुढं केलं. आई मान खाली घालून उभी. गुन्हेगारासारखी.

मी बाबाचा हात धरला. मराठीत म्हणाले, "माझ्या गोळ्यांना बाबाचं रक्त लागत नाही. आणि माझी आई तपासायला तुम्हाला कुणी बोलावलं नाही."

"अगं, तिच्याच भल्याचं आहे."

"नाही."

बाबानं हात मागे घेतला. संशय मनात तसाच ठेवून, आईशी न बोलता तो परत गुजरातला गेला. अजून बोलत नाही. एका टोचणीत मिटलं असतं, असं लोक मला ऐकवतात. मिटलं असतं. आणि पुढच्या बाईलाही स्वतःला असंच सिद्ध करावं लागलं असतं.

धाकट्या भावाची तपासणी राहिली आहे. आजार असेल तर लवकर कळायला हवा. मी त्याला नेणार. निकाल दार लावून सांगायचा. फक्त घरच्यांना. पावरीत. जे हे आधी कबूल करतील, त्यांनाच त्याचं बोट मिळेल.