चिंचोक्याला याद राहत नाही
चिंचोके भाजल्याचा वास आला की निजामाच्या दिवसांतलं साखरा गावातलं आमचं अंगण आठवतं. नरसीच्या जत्रेला निघालेल्या बैलगाडीत एकाच पोरीपुरती जागा उरली होती, म्हणून रंगरेजाच्या लेकीनं आणि मी फोडलेला चिंचोका उडवायचं ठरवलं. काळी बाजू तिची, पांढरी माझी. सकाळपासून खेळताना सलग चारदा काळीच पडली होती. मी ओरडले, "आता पांढरीच पडणार!" ती हसली, "काहून? चिंचोक्याला मागचं याद राहतं व्हय?" पुन्हा काळीच पडली आणि ती गेली. रडता रडता मी तोच चिंचोका उडवत बसले, कोळशानं भिंतीवर रेघा ओढत गेले. चार काळ्यांनंतर कधी पांढरी पडे, कधी पाचवीही काळीच! रडणं कुठल्या कुठं पळालं. दुसऱ्या दिवशी जत्रेहून परतणारी गाडी दिसताच मी धावत सुटले, "तुझं बराबर हाय गं! त्याला कायबी याद न्हाई राहत!" तिनं चालत्या गाडीतून उडी टाकली आणि थेट भिंतीपाशी येऊन रेघा मोजायला लागली. जत्रा कशी होती, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.