बॉनेटवरचे जपानी पापड

जगात जे काही खाण्याजोगं आहे ते मुळात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलं आणि बाकीच्यांनी ते पळवलं, असं ठामपणे मानणारा एकच माणूस माझ्या ओळखीत आहे, आणि ते नेमके माझे मामेसासरे आहेत. सौदीतल्या अल खफजीला तेलाच्या कंपनीत पाइप फिटर म्हणून मामांनी उभी हयात काढली, पण कॅम्पातल्या मेसचं जेवण नावं ठेवल्याशिवाय कधी गिळलं नाही. खबुस म्हणजे बिघडलेली भाकरी आणि हम्मुस म्हणजे फोडणी द्यायची राहून गेलेलं पिठलं, हे त्यांनी अरबांना तोंडावर सांगितलेलं आहे. अरबही हसून ‘तय्यब, तय्यब’ म्हणजे ‘बरं, बरं’ म्हणत आणि मामा तो आपला विजय समजत.

यंदा मार्चमध्ये फायनल एक्झिट घेऊन कायमचे गावी निघण्याआधी ते रियाधला आमच्याकडे राहायला आले. एरवी अखंड बोलणारा हा माणूस ‘आता घरी जाऊन काय करणार?’ एवढं विचारलं की गप्प व्हायचा. त्यांचं मन रमावं म्हणून मी त्यांना जपानी तांदळाचे पापड हाताने करायला शिकवतात अशा एका वर्गाला घेऊन गेले. शिकवणारी जपानी बाई फार गोड होती. आदल्या दिवशी वाळवलेल्या जाड चकत्या जाळीवर ठेवायच्या, चिमट्याने सारख्या उलटायच्या, फुगल्या की दाबायच्या आणि वरून सोया सॉस फासायचा, एवढंच काम. मामांना ते दाबणंच पसंत पडेना. फुगलेला पापड दाबणं म्हणजे पोर बोलायला लागलं की त्याच्या थोबाडीत मारणं, असं त्यांनी तिला हिंदीत समजावलं. तिने नम्रपणे वाकून नमस्कार केला. मग वाळवण दुसऱ्याच्या हातचं आणि आपण नुसतं भाजायचं, यात शिकलो काय, असं म्हणत त्यांनी तिच्याकडून उकडलेल्या पिठाचा गोळा मागून घेतला, चकत्या थापल्या, थेट पार्किंगमध्ये गेले आणि माझ्या गाडीच्या बॉनेटवर आपला पांढरा पंचा पसरून त्यावर त्या मांडल्या. कबुतरं हाकलायला गाडीतली सनशेड हातात घेतली. सिक्युरिटीवाला चौकशीला आला, त्याला ‘सदीक, पापड’, म्हणजे ‘मित्रा, पापड’, एवढ्यावर वाटेला लावलं.

तासाभरात रियाधच्या उन्हाने सगळ्या चकत्या कौलांसारख्या वळल्या आणि तडकल्या. मधे उलटायच्या नव्हत्या का, असं मी सहज विचारलं. मामांनी एक तडकलेली चकती उचलून उलटसुलट करून पाहिली.

“उलटतात काय गो?” ते म्हणाले. “माझी रजा कायम गणपतीत. तोवर तुझ्या मामीचे पापड डब्यात गेलेले असायचे. वाळताना मी कधी बघितलेच नाहीत.” मग सनशेडची घडी घालत म्हणाले, “घर तिचं. मी आपला पाहुणा. आता कायमचा जाऊन तिच्या पायांत पायांत यायचं.”

 ते तुकडे आत नेऊन आम्ही भाजले आणि खाल्ले. दात शाबूत राहिले, हे नशीब.

मे महिन्यात मी गावी फोन केला. मामींनी सांगितलं की हे सकाळपासून टोपी घालून अंगणात पापडांपाशी बसतात, कावळ्याला फिरकू देत नाहीत आणि जपानात कसे करतात ते दर पापडाला ऐकवतात. वैताग येत असेल, मी म्हटलं.

“येतो तर,” मामी म्हणाल्या. “पण बोलू देत. इतकी वर्षं मी एकटीच घालत होत्ये.”