शेजारचे को-पायलट

कर्जतला आमच्या शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर काका राहतात. ओट्यावर चहा पितानाही त्यांचा उजवा पाय मध्येच ब्रेक दाबतो.

वैमानिक होण्याच्या प्रशिक्षणात सिम्युलेटरच्या परीक्षेत मी एकदा नापास झाले आणि आठ दिवसांसाठी घरी आले. पुढची संधी शेवटची होती. जेवण जात नव्हतं. भिंतीवर कॉकपिटचा कागदी तक्ता लावून सराव करताना बोटं चुकीच्या बटणांवर जायची. काकांनी ते खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या सकाळी ते जुना खाकी गणवेश घालून माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले.

"पोरी, संकटं मी सांगतो. तू इमान सांभाळ."

मग ते ओरडले, "डावं इंजिन पेटलं! लई धूर हाय!"

"इंधन बंद, आग विझवायचं हँडल ओढलं."

"मागं एक बाई ओकायला लागलीय!"

"काका, हे परीक्षेत नसतं."

"गाडीत असतंय की!"

मी इतकी हसले की खुर्चीवरून घसरले. आठवडाभर ते रोज नवी संकटं आणत राहिले, आणि माझी बोटं चुकायची कधी थांबली ते कळलंही नाही.

पास झाल्यावर पहिला फोन त्यांना केला. ते हळूच म्हणाले, "मी बी ड्रायव्हरच्या टेस्टला दोनदा फेल झाल्तो. तुझ्या काकूला अजून म्हाईत न्हाई."

मागून काकूंचा आवाज आला, "तीनदा!"